'ए', 'ॲन', 'द' आणि आपला 'च': इंग्रजी अर्ज लिहिताना मराठी कान कसा वापरायचा

मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी संध्याकाळी वही घेऊन आली. बी.कॉम. झालेली. बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली होती आणि अर्ज स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत लिहून ईमेलने पाठवायचा होता. "काकू, बाकी सगळं जमते, पण हे 'द' कुठं लावायचं न कुठं नाही, ते समजूनच नाही राहिलं मला," म्हणाली. तिच्या कच्च्या अर्जातली चार वाक्यं अशी होती:

आय ॲम कॉमर्स ग्रॅज्युएट. आय हॅव डन कोर्स इन टॅली. आय वर्क्ड हार्डली इन कॉलेज. आय लिव्ह इन नागपूर ओन्ली.

आपल्याला चारही वाक्यांचा अर्थ लगेच लागतो, कारण वाचताना आपण ती मनातल्या मनात मराठीत ऐकतो. ज्याला मराठी येत नाही, त्याला मात्र तिसऱ्या वाक्यातून ऐकू येतं, "मी कॉलेजात जेमतेमच काम केलं." नोकरीच्या अर्जात! पोरीनं रात्रंदिवस अभ्यास केलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून ते वाक्य मला फार लागलं.

मी बरीच वर्षं मुलामुलींचे असे अर्ज तपासते आहे. "इंग्रजीत विचार करा" हा सल्ला सगळेच देतात. मला तो पटत नाही. ज्याला इंग्रजीत विचार करता येतो, तो माझ्याकडे येणारच नाही. आर्टिकल (म्हणजे 'ए', 'ॲन', 'द') आणि क्रियाविशेषण (क्रिया कशी, कधी, कुठं झाली ते सांगणारा शब्द) यांच्यामागे जो अर्थाचा फरक असतो, तो मराठीत आपण रोज करतोच, फक्त वेगळ्या जागी करतो. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. तेव्हा आधी मराठीत ऐका आणि मग इंग्रजीत लिहा.

पायरी पहिली: कुठलीतरी की ठरलेली?

मराठीत आर्टिकल नाही असं शाळेत सांगतात. शब्द नाही हे खरं, पण फरक आहे. "पाहुणे मुलगी बघायला गेले" म्हटलं की स्थळ बघायला गेले, कोणती मुलगी ते आपल्याला माहीत नाही. "पाहुणे मुलीला बघायला गेले" म्हटलं की ती आपल्या ओळखीची, ठरलेली मुलगी, कदाचित दवाखान्यात भरती असलेली. एका 'ला'नं किती फरक पडला बघा. तसंच "मी धंतोलीत डॉक्टर शोधतोय" आणि "मी डॉक्टरांना शोधतोय." पहिल्यात कुठलाही चांगला डॉक्टर चालेल. तिथं इंग्रजीत 'ए डॉक्टर'. दुसऱ्यात एकच डॉक्टर आहेत आणि ते जागेवर सापडत नाहीयेत. तिथं 'द डॉक्टर'.

निर्जीव वस्तूंना हा 'ला' सहसा लागत नाही. तिथं नामाच्या आधी मनात एक शब्द ठेवून पाहायचा. 'एक' किंवा 'कुठलातरी' सहज बसला तर 'ए' नाहीतर 'ॲन'. 'तो', 'ती', 'ते', 'वर सांगितलेला' असं काही बसलं तर 'द'. "मी टॅलीचा एक कोर्स केला. त्या कोर्समध्ये जीएसटीही शिकवलं." म्हणून: आय हॅव कम्प्लीटेड ए कोर्स इन टॅली. द कोर्स ऑल्सो कव्हर्ड जीएसटी. एखादी गोष्ट पहिल्यांदा 'ए' घेऊन येते आणि ओळख झाली की 'द' घेऊन वावरते.

ओळख दर वेळी आधीच्या वाक्यातूनच होते असं नाही. जिल्ह्याला कलेक्टर एकच, म्हणून 'द कलेक्टर'. कधी पुढचे शब्द ओळख करून देतात: 'द डॉक्युमेंट्स अटॅच्ड टू धिस ईमेल', म्हणजे या ईमेलला जोडलेलेच कागद, दुसरे नाहीत. कसोटी अशी की वाचणाऱ्यानं "कोणता?" असं विचारलं, तर उत्तर त्याच्याकडे आधीच आहे का? फक्त तुम्हाला माहीत असून भागत नाही. मुलं इथंच चुकतात. 'आय स्टडीड ॲट द इन्स्टिट्यूट इन धरमपेठ' असं लिहितात, कारण इन्स्टिट्यूट त्यांच्या डोळ्यांसमोर असते. बुटीबोरीच्या मॅनेजरला ती कुठून माहीत? त्याच्यासाठी ती 'ॲन इन्स्टिट्यूट'च.

पायरी दुसरी: एकटं नाम उघडं सोडू नका

मोजता येणारं, एकवचनी नाम इंग्रजी वाक्यात उघडं राहत नाही. त्याच्या आधी काहीतरी हवंच: 'ए', 'ॲन', 'द', नाहीतर 'माय', 'युअर', 'धिस', 'एव्हरी'. एक नियम पाठ करायचा असेल तर हा करा. "मी इंजिनिअर आहे" हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, पण 'आय ॲम इंजिनिअर' हे अर्धवट. 'आय ॲम ॲन इंजिनिअर.' पेन्सिल घेऊन अर्जातल्या अशा प्रत्येक नामाला गोल करा आणि त्याच्या आधी काय आहे ते पाहा. शेजारच्या मुलीच्या अर्जात पहिले दोन गोल, ग्रॅज्युएट आणि कोर्स, दोन्ही उघडे निघाले. तिचे तिलाच दिसले.

एक अपवाद अर्जात नेहमी लागतो. पदाचं नाव 'पोस्ट ऑफ'नंतर आलं तर त्याला आर्टिकल लावू नका: 'फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट'. 'द' पोस्टला लागलाय, तो पुरे.

आता जिथं मराठी कान दगा देतो ती जागा. आपण "एक माहिती हवी होती", "एक सल्ला देतो", "मला एक काम आहे", "दोन बातम्या आहेत" असं बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, न्यूज, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट आणि काम या अर्थी वर्क हे शब्द मोजलेच जात नाहीत. त्यांना 'ए' नाही आणि शेवटी 'एस'ही नाही. न्यूजच्या शेवटचा 'एस' मूळ शब्दातलाच आहे, अनेकवचनाचा नाही. 'सम इन्फर्मेशन', 'ए पीस ऑफ ॲडव्हाइस', 'आय हॅव सम वर्क' असं लिहायचं. 'स्टाफ' हा शब्दही असाच फसवतो. एका कर्मचाऱ्याला 'ए स्टाफ' म्हणत नाहीत, 'ए मेंबर ऑफ स्टाफ' म्हणतात. ही यादी पाठ करण्यावाचून इलाज नाही, पण यादी लहान आहे.

सगळ्या जातीबद्दल बोलायचं असेल तर अनेकवचन आणि आर्टिकल काहीच नाही: 'ऑरेंजेस ग्रो वेल अराउंड नागपूर.' कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या पेटीबद्दल बोलायचं असेल तर 'द ऑरेंजेस वी बॉट ॲट कळमना'. समाज, निसर्ग, जीवन हे शब्द भाषणातून अर्जात उतरतात आणि येताना 'द' घेऊन येतात. तो काढा. 'आय वॉन्ट टू सर्व्ह सोसायटी' एवढंच पुरे. 'द सोसायटी' म्हटलं तर वाचणाऱ्याला तुमची हाउसिंग सोसायटी वाटायची.

पायरी तिसरी: 'ए' की 'ॲन', हे देवनागरीला विचारा

शाळेत "ए, ई, आय, ओ, यू" ही पाच अक्षरं पाठ करून घेतात आणि मग मुलं आयुष्यभर 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहीत राहतात. नियम स्पेलिंगचा नाही, उच्चाराचा आहे. उच्चार जसाच्या तसा लिहिणारी लिपी तर आपल्याकडे आहेच. म्हणून शब्द देवनागरीत लिहून पाहायचा. पहिलं अक्षर स्वर निघालं तर 'ॲन', व्यंजन निघालं तर 'ए'.

युनिव्हर्सिटीत पहिला 'य', म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. युरोपियन, युनिक, यूपीएससी, यूपीआय, सगळे 'य'वाले, सगळ्यांना 'ए'. अवर म्हणजे तास, स्पेलिंग 'एच'नं सुरू होतं पण तोंडात 'अ' येतो, म्हणून 'ॲन अवर'. ऑनेस्टचंही तसंच. 'वन' हा शब्द 'व'नं सुरू होतो, म्हणून 'ए वन-डे मॅच'.

कचेरीतल्या संक्षेपांना तर ही युक्ती फारच उपयोगी पडते. एमएलए, एफआयआर, आरटीआय, एलआयसी, एसएससी, एमबीए, एक्स-रे हे सगळे देवनागरीत स्वरानं सुरू होतात, तेव्हा 'ॲन एफआयआर', 'ॲन आरटीआय ॲप्लिकेशन', 'ॲन एमबीए'. एकाच कागदाला दोन वेगळी आर्टिकल्स कशी लागतात तेही पाहा: 'ॲन एनओसी', पण पूर्ण लिहिलं तर 'ए नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट'.

फक्त एक शब्द सांभाळा. वर्षाला आपण 'इयर' म्हणतो आणि 'ॲन इयर' लिहून बसतो. 'इयर' म्हणजे कान. वर्षाचा खरा उच्चार 'यिअर', म्हणून 'ए यिअर'. आणि आर्टिकल नामाकडे पाहत नाही, लगेच पुढं येणाऱ्या शब्दाकडे पाहतं: 'ॲन ऑरेंज', पण 'ए रायप ऑरेंज'.

पायरी चौथी: आपल्या गावची नावं

नागपूरवर चार ओळी लिहायला सांगितलं की मुलं एकतर सगळीकडे 'द' पेरतात नाहीतर कुठंच लावत नाहीत. साधारण रीत अशी आहे. नदीला 'द', तळ्याला नाही: 'द नाग रिव्हर', पण 'फुटाळा लेक', 'अंबाझरी लेक'. डोंगररांगेला 'द': 'द सातपुडा रेंज'. रस्त्याला नाही: 'ऑन वर्धा रोड', 'ऑन सेंट्रल अव्हेन्यू'. 'विदर्भ' एकटा आला तर उघडा, पण 'द विदर्भ रिजन'. नावात 'ऑफ' असेल तर बहुधा 'द' येतो: 'द नागपूर बेंच ऑफ द बॉम्बे हाय कोर्ट'. करंडकाला 'द': विदर्भाच्या संघानं २०१७-१८च्या हंगामात पहिल्यांदा रणजी जिंकली, ते वाक्य 'विदर्भ वन द रणजी ट्रॉफी' असं होतं.

वर्तमानपत्राच्या नावातच 'द' असेल तर तो नावाचा भाग असतो, गाळायचा नाही. आपल्या नागपूरचा 'द हितवाद' घ्या, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेला. मराठीत आपण नुसतं 'हितवाद' म्हणतो, पण इंग्रजीत 'आय रीड द हितवाद एव्हरी मॉर्निंग.'

सरावाला मी नेहमी एक वाक्य देते: "१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला." इंग्रजीत लिहा आणि आर्टिकल किती लागली ते मोजा. 'ऑन फोर्टीन ऑक्टोबर नाइन्टीन फिफ्टी-सिक्स, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम ॲट दीक्षाभूमी इन नागपूर.' एकही नाही. माणसाचं नाव, जागेचं नाव, धर्माचं नाव, शहराचं नाव, सगळी स्वतःच्या पायावर उभी. आता 'बुद्धिझम'च्या जागी 'बुद्धिस्ट फेथ' घालून पाहा, लगेच 'द बुद्धिस्ट फेथ' करावं लागतं.

पायरी पाचवी: थोडं आणि थोडंच

आता मला सर्वांत आवडणारी जागा. 'ए फ्यू' आणि 'फ्यू' यांत एका अक्षराचा फरक, पण नोकरी मिळणं न मिळणं त्यावर ठरू शकतं. 'आय हॅव ए फ्यू मंथ्स ऑफ एक्सपीरियन्स' म्हणजे मला काही महिन्यांचा अनुभव आहे. 'आय हॅव फ्यू स्किल्स' म्हणजे मला फारसं काही येत नाही. मराठीत हाच फरक 'च' करतो. "थोडे पैसे आहेत" म्हणजे भागेल, 'ए लिटल मनी'. "थोडेच पैसे आहेत" म्हणजे भागणार नाही, 'लिटल मनी'. मराठीत 'च' लावल्यानं कमीपणा येतो, इंग्रजीत 'ए' काढल्यानं. मोजता येणाऱ्यांना 'फ्यू', न मोजता येणाऱ्यांना 'लिटल'.

हा 'च' एकदा हाती लागला की पुढं क्रियाविशेषणांतही तोच वाट दाखवतो.

पायरी सहावी: 'च' कुठं बसलाय, तिथं 'ओन्ली'

"मी नागपूरलाच राहते" याचं 'आय लिव्ह इन नागपूर ओन्ली' होतं, कारण आपण 'च' उचलून वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' ठेवतो. मराठीत 'च' शब्दाच्या मागे चिकटतो. लिहिलेल्या इंग्रजीत 'ओन्ली' त्या शब्दाच्या पुढं, अगदी लगेच आधी उभा राहतो. ही तीन वाक्यं मोठ्यानं वाचा:

ओन्ली शी साइन्ड द फॉर्म. तिनेच सही केली, बाकी कुणी नाही.
शी ओन्ली साइन्ड द फॉर्म. तिने सहीच केली, बाकीचं भरलं नाही.
शी साइन्ड ओन्ली द फॉर्म. फॉर्मवरच केली, सोबतच्या कागदांवर नाही.

लिहून झालं की आपलं वाक्य मराठीत म्हणा, 'च' कुठं येतो ते पाहा आणि 'ओन्ली' तिथं सरकवा. 'ऑल्सो' आणि 'ईव्हन' यांच्या बाबतीत हेच काम 'ही' आणि 'सुद्धा' करतात.

पण प्रत्येक 'च' म्हणजे 'ओन्ली' नव्हे. "तीनच जण आले" इथं 'ओन्ली थ्री पीपल केम' बरोबर. "कालच आले" इथं 'जस्ट यस्टर्डे' किंवा 'ओन्ली यस्टर्डे'. "आजच पाठवते" याचं आपण 'टुडे इटसेल्फ' करतो. बोलण्यात कुणी अडवत नाही, लिहिताना नुसतं 'टुडे' ठेवा. "मी नागपूरलाच राहते" यातला 'च' दिलासा देणारा आहे: लांबून यायचं नाही, काळजी नको. त्याला इंग्रजीत शब्दच लागत नाही. 'आय लिव्ह इन नागपूर अँड कॅन जॉइन इमिजिएटली.' दिलासा दुसऱ्या अर्ध्या वाक्यातून पोचला.

पायरी सातवी: एका 'अजून'ला तीन दारं

"अजून उत्तर आलं नाही." 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड ए रिप्लाय येट.' "मी अजून वाट पाहतेय." 'आय ॲम स्टिल वेटिंग.' "अजून दोन कागद हवेत." 'वी नीड टू मोअर डॉक्युमेंट्स.' मराठीत एकच शब्द, इंग्रजीत तीन. एखादी गोष्ट व्हायची राहिली असेल तर 'येट', आणि तो बहुधा वाक्याच्या शेवटी. एखादी गोष्ट चालूच असेल तर 'स्टिल', आणि तो मधे. भर घालायची असेल तर 'मोअर'. 'स्टिल आय डिड नॉट गेट रिप्लाय' असे ईमेल माझ्याकडे फार येतात. त्यात 'स्टिल'ची जागा चुकली आहे, 'डिड नॉट गेट'च्या जागी 'हॅव नॉट रिसीव्ह्ड' हवं आणि 'रिप्लाय'ही उघडा पडलाय.

'पूर्वी'लाही दोन दारं आहेत. आजपासून मागं मोजायचं तर 'अगो': 'आय पास्ड माय टेन्थ सिक्स यिअर्स अगो.' गेलेल्या काळातल्या एखाद्या क्षणापासून आणखी मागं जायचं असेल तरच 'बिफोर'.

'फार' किंवा 'खूप' लिहायचं असेल तर आधी "नको इतकं" म्हणून पाहा. मे महिन्यात दुपारी नागपुरात बाहेर पडवत नाही, इतकं ऊन असतं. तिथं 'टू हॉट टू गो आउट' अगदी बरोबर. 'माय टीचर्स वेअर टू गुड' मात्र नाही. शिक्षक नको इतके चांगले कसे असतील? तिथं 'व्हेरी'.

पायरी आठवी: 'एलवाय' जोडलं म्हणजे झालं असं नाही

हार्ड म्हणजे कष्टानं, हार्डली म्हणजे जेमतेम. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे अतिशय. या चार जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'फास्टली' असा शब्दच नाही, 'फास्ट' दोन्हीकडे चालतो. 'फ्रेंडली' दिसायला क्रियाविशेषण वाटतो, पण तो विशेषण आहे. 'गुड'चं क्रियाविशेषण 'वेल': 'शी राइट्स वेल.'

क्रियाविशेषणांच्या क्रमासाठी मराठी वाक्य शेवटून वाचत जा. "मी काल सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात फॉर्म नीट भरला." मराठीत आधी कधी, मग कुठं, मग कसं, शेवटी क्रिया. इंग्रजीत बरोबर उलटं: 'आय फिल्ड इन द फॉर्म केअरफुली ॲट द ऑफिस इन सिव्हिल लाइन्स यस्टर्डे.' क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामधे मात्र क्रियाविशेषण घुसवू नका. 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' नाही, 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली'. 'ऑलवेज', 'युजुअली', 'ऑफन' हे मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, पण 'ॲम', 'इज', 'आर' असेल तर त्यांच्या नंतर.

मुलीनं त्याच रात्री अर्ज पुन्हा लिहिला. मी फक्त समोर बसून होते, पेन्सिल तिच्याच हातात. "कोणता?" असं ती स्वतःला विचारायची आणि मग हात चालायचा. झालं ते असं:

आय ॲम ए कॉमर्स ग्रॅज्युएट फ्रॉम नागपूर. आय हॅव कम्प्लीटेड ए सिक्स-मंथ कोर्स इन टॅली. द कोर्स ऑल्सो कव्हर्ड जीएसटी. आय वर्क्ड हार्ड थ्रूआउट कॉलेज. आय लिव्ह इन नागपूर अँड कॅन जॉइन इमिजिएटली.

राहिलं अर्जातलं शेवटचं क्रियाविशेषण, सहीच्या वरचं. सुरुवात 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' अशी असेल तर 'युअर्स फेथफुली'. आडनाव घालून सुरुवात केली असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. 'युअर्स'मधला 'वाय' कॅपिटल, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान, 'युअर्स'मध्ये 'एस'च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी नाही आणि दोन शब्दांनंतर स्वल्पविराम. त्याखाली पूर्ण नाव.